जुन्या सायकलीची पारख

शाळा घरापासून चार-पाच किलोमीटर दूर असली म्हणजे सायकलीची निकड भासते. परंतु नवी सायकल घेणे प्रत्येक कुटुंबास परवडतेच असे नाही. अशा वेळी जुनी सायकल घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र ती डोळसपणे घ्यावयास हवी. कारण पारख चुकली तर वाचलेला पैसा दुरुस्तीत जातो आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात एक मुलगा आपल्या मामाबरोबर जुनी सायकल घेण्यास गेला. मामा कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारे कारागीर होते. दुकानात दोन हायब्रीड सायकली उभ्या होत्या. शर्यतीच्या सायकलीची मोठी चाके आणि डोंगरी सायकलीचे सरळ हँडल यांचा मेळ घालून हा प्रकार तयार झाला आहे. त्यांपैकी एक सायकल ताज्या लाल रंगाने चमकत होती. दुसरी धुळीने माखलेली असून तिची साखळी गंजली होती. मुलाचा हात साहजिकच लाल सायकलीकडे गेला.

मामांनी तिच्या सांगाड्यावरून हळूहळू बोट फिरवले. हँडलाखालच्या सांध्याजवळ ते थांबले. रंगाच्या थराखाली केसाएवढी बारीक रेघ होती.

"हा तडा आहे," मामा म्हणाले. "अरे, टायर बदलता येतो, साखळी बदलता येते, पण उतारावर हा सांधा तुटला तर काय करशील? रंग पाहू नकोस, सांगाडा पाहा."

नंतर त्यांनी धुळकट सायकल तपासली. सांगाडा निर्दोष होता व पुढचा फोर्क सरळ होता. पुढचा ब्रेक दाबून त्यांनी सायकल मागे-पुढे हलवली, तेव्हा हँडलाच्या मुळाशी किंचित ठोका जाणवला. तो नट आवळून जाण्याजोगा होता. चाक उचलून फिरवले तेव्हा ते थोडे डोलले; परंतु रिम कोठेही चेपलेली नव्हती. आरे कमी-अधिक ताणून असा डोल काढता येतो. मग त्यांनी साखळीवर पट्टी ठेवली. सायकलीच्या साखळीचा प्रत्येक दुवा अर्धा इंच लांब असतो. म्हणजे २४ दुवे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. ते १/१६ इंचाने अधिक भरले तर साखळी बदलावी. १/८ इंचाने अधिक भरले तर बहुधा दातेरी चक्रेही झिजलेली असतात. येथे वाढ १/१६ इंचच होती. तेव्हा साखळी नवी घ्यावी लागणार होती, चक्रे मात्र वाचली होती.

सौदा ठरण्यापूर्वी मामांनी सांगाड्याच्या तळाशी कोरलेला क्रमांक पाहिला आणि मूळ पावतीशी ताडून घेतला. चोरीची वस्तू अजाणतेपणीही आपल्या घरी येऊ नये, ही त्यांची दक्षता होती.

घरी आल्यावर दोघे कामास लागले. जुनी साखळी उतरवून दातेरी चक्रे रॉकेलने धुतली. नवी साखळी चढवून तिच्या प्रत्येक दुव्यावर तेलाचा एकेक थेंब सोडला व वरचे तेल पुसून काढले. कारण जादा तेलावर धूळ बसते आणि तीच साखळी झिजवते. ब्रेकची रबरे नवी बसविताना ती टायरला न घासता केवळ रिमवर टेकतील अशी काळजी घेतली. डावे पायडल काढताना मुलाने पुष्कळ जोर केला, पण ते हलेना. मामा हसून म्हणाले, "डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पान्हा उलट दिशेने फिरव." पान्हा फिरताच पायडल सुटले. गिअरची तार ताणणारा स्क्रूही त्यांनी एका वेळी पाव फेराच फिरवला आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहिले. अखेरीस टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाइतकी हवा भरली. पायडल खाली असता त्यावर टाच टेकवून पाय सरळ राहील, इतकी बैठक उंच केली.

दुसऱ्या दिवशी मुलगा सायकलीवरून शाळेस गेला. सायकलीवर जुन्या रंगाचे पोपडे तसेच होते. परंतु तिचा कोणता भाग कशासाठी आहे आणि तो कसा सांभाळावा, हे त्याला पक्के ठाऊक झाले होते. वस्तूचे खरे मोल तिच्या झळाळीत नसून तिच्या मजबुतीत असते. आणि जी वस्तू आपण स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतो, तिची निगा राखण्यास दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.