द्राक्षतोडणीचा हंगाम आणि वाइनकार

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यांना द्राक्षबाग नवी नाही. बालाघाटच्या अवर्षणप्रवण पठारावर विहिरी, शेततळी व ठिबक सिंचन यांच्या आधारे त्यांनी ही वेल जोपासली आहे. मात्र येथील द्राक्ष प्रामुख्याने खाण्यासाठी पिकते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, खास वाइनसाठी लावलेल्या बागा आहेत. असे पीक आपणही घ्यावे काय, याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने तोडणीच्या हंगामाकडे वाइनकार कोणत्या दृष्टीने पाहतो, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन द्राक्षे, दोन कसोट्या

थॉमसन किंवा नान्नजची सोनाका या बिनबियांच्या जाती होत. मणी लांब व टपोरा व्हावा म्हणून बागायतदार विरळणी करतो, जिबरेलिक आम्ल वापरतो. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, शेनिन ब्लाँ या वाइनच्या जातींचे मणी लहान व बियांचे असतात. लाल वाइनचा रंग व तुरटपणा मुख्यत्वे सालीतून येतो. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. बाजारात जो दोष ठरतो, तोच येथे गुण ठरतो.

तोडणीचा दिवस

युरोपात द्राक्षे शरद ऋतूत, ऊन उतरत असताना तोडली जातात. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात येते. म्हणजे आपले द्राक्ष चढत्या उन्हात पिकते. उन्हाबरोबर रसातील साखर वाढते, पण आम्लता झपाट्याने घटते. या दोहोंचा मेळ बसण्याचे दिवस थोडे असतात.

म्हणून वाइनकार बागेच्या निरनिराळ्या भागांतील मणी वेचून रसाचा ब्रिक्स व सामू मोजतो, मणी चाखतो, बी तपकिरी झाली की नाही हे पाहतो. लाल जातींना साधारण २३ ते २४ ब्रिक्स गोडी अपेक्षित असते. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का मद्यार्क तयार होतो. तोडणी लवकर झाली तर वाइन पातळ व आंबट होते. लांबली तर मद्यार्क वाढतो आणि ताजेपणा जातो.

पहाटेपासून टाकीपर्यंत

तोडणी पहाटेच्या गारव्यात करणे इष्ट असते. दुपारच्या उन्हात तापलेले, क्रेटमध्ये दबून फुटलेले घड वाटेतच आंबू लागतात. पांढऱ्या वाइनसाठी घड दाबून रस काढतात व तो सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअसला आंबवितात. लाल वाइन सालीसह आंबते. वर तरंगून येणारा सालींचा थर दिवसातून अनेक वेळा रसात मिसळावा लागतो. या काळात वाइनकाराला रात्रीचीही उसंत नसते. शिवाय टाक्या मोजक्याच असतात. एक टाकी मोकळी झाल्याविना पुढच्या बागेचा माल घेता येत नाही.

शेतकऱ्यापुढील प्रश्न

नेमका येथेच शेतकऱ्याचा संबंध येतो. टाकी मोकळी होईपर्यंत घड वेलीवर राहिले, तर पाणी उडून वजन घटते. अवकाळीचे भयही असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. वाइनच्या द्राक्षाला खाण्याच्या बाजारात फारसे गिऱ्हाईक नसते आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर या बागा वाढल्या. परंतु २००८-०९ नंतरच्या मंदीत मागणी घटताच नाशिक भागातील अनेकांना त्या उपटाव्या लागल्या.

यास्तव वेल लावण्यापूर्वी लेखी करार हवा. गोडी कोणी व केव्हा मोजावी, दर कोणत्या ब्रिक्सला किती, तोडणीचा खर्च कोणाचा आणि कारखान्यामुळे तोडणी लांबल्यास घट कोणी सोसावी, हे चार मुद्दे त्यात स्पष्ट असावेत. कारखान्यात वाइनचा गुण राखता येतो. तो निर्माण होतो बागेतच. त्या गुणाचे मोल बागायतदाराच्या पदरी पडले, तरच हे पीक येथे रुजेल.