मक्याच्या अंगचे ग्लुटाथायोन आणि तणनाशकाचा वापर

मक्याची पेरणी झाल्यावर अ‍ॅट्राझीन हे तणनाशक फवारले असता तण जळते व मका हिरवागार राहतो. यावरून हे औषध पिकांस निरुपद्रवी आहे, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज होतो. तो बरोबर नाही. औषध मक्याच्या मुळांतूनही शिरते. परंतु मका ते पचवितो.

हे काम ग्लुटाथायोन या द्रव्याच्या साहाय्याने होते. ग्लुटामिक आम्ल, सिस्टाइन व ग्लायसीन ही तीन अमायनो आम्ले मिळून ते बनते. इंग्रज शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी १९२१ साली त्यास हे नाव दिले. शुद्ध ग्लुटाथायोन ही पांढरी भुकटी असून ती पाण्यात विरघळते. द्रावणास हवा लागली की प्राणवायूमुळे तिचे दोन-दोन रेणू एकमेकांस जोडले जातात व मूळ गुण उरत नाही. म्हणून शुद्धता ठरविताना अशा जोडरेणूंचे प्रमाण मोजतात. सारी करामत सिस्टाइनमधील गंधकाची आहे. अ‍ॅट्राझीनच्या रेणूतील क्लोरीनला हुसकून गंधक तेथे जोडला जातो व औषध निकामी होते. ही जोडणी झपाट्याने घडवून आणणारे विकर मका, ज्वारी व ऊस यांत भरपूर असते.

तूर, मूग, सोयाबीन यांची पचनशक्ती येथे अपुरी पडते. म्हणून मक्यात अथवा ज्वारीत तुरीचे आंतरपीक असल्यास अ‍ॅट्राझीन मुळीच वापरू नये. तेथे खुरपणी व कोळपणीच बरी.

पुढील पिकाचाही विचार करावा. कोरड्या व चुनखडीयुक्त जमिनीत या औषधाचा अंश अधिक काळ टिकतो. शंका असल्यास ग्रामसेवकांनी शेतातील माती एका कुंडीत व औषध न पडलेली माती दुसऱ्या कुंडीत भरून दोहोंत काकडीचे बी लावावयास सांगावे. बी उगवले एवढ्यावरून जमीन निर्धोक समजू नये, कारण हे औषध उगवण थांबवीत नाही. ते पानांचे अन्न तयार करण्याचे कार्य बंद पाडते. दोन-तीन आठवडे थांबावे. पाने कडेने पिवळी पडून वाळू लागली आणि दुसऱ्या कुंडीतील रोपे चांगली राहिली, तर त्या शेतात कडधान्य न घेता पुन्हा मका किंवा ज्वारी घ्यावी.

खरेदीच्या वेळी डब्यावरील नोंदणी क्रमांक, मुदत व मूळ औषधाचे प्रमाण पाहून पावती घ्यावी. ५० टक्के भुकटीच्या २ किलोत मूळ औषध १ किलोच असते. हा हिशेब चुकल्यास मात्रा दुप्पट अथवा निम्मी पडते.