डोंगरकण्यावरील चीडवन व त्याचा परिवार

रान म्हणजे नुसती झाडांची दाटी नव्हे. जेथील ऊन, पाणी व माती ज्या वनस्पतींस मानवतात, त्या तेथें एकमेकींच्या शेजारानें नांदतात. यासच वनस्पतिसमाज म्हणतात. कुमाऊं व गढवाल येथील डोंगरकण्यांवरील चीडवन हें याचें उत्तम उदाहरण असून, त्यांत आम्हां माळरानवाल्यांसही घेण्याजोगा धडा आहे.

चीड, म्हणजे संस्कृतांतील सरल वृक्ष, सुमारें ३,००० ते ६,००० फूट उंचीवर विशेष आढळतो. त्याचीं सुईसारखीं पानें तीन-तीनांच्या जुडग्यांत असतात. उन्हाच्या दक्षिण उतारावर, उथळ व कोरड्या जमिनींत तो सुखानें वाढतो. त्याच कण्याच्या उत्तर अंगास व ओल्या घळींत बांज, बुरांस व काफळ यांचा समाज असतो. एका सर्व्हे नंबरांत दोन प्रतींची जमीन निघावी, तसाच हा प्रकार होय.

चिडाखालीं झुडपें विरळ. उन्हाळ्यांत गळलेल्या पानांचा, ज्यास तिकडे पिरूल म्हणतात, जाड थर सांचतो व तो लवकर कुजत नाहीं. त्यांतून किलमोडा, हिसालू, घिंगारू हीं कांटेरी झुडपें डोकें काढितात. किलमोडा हा दारुहळदीच्या गोत्रांतला. पावसाळ्यांत गवत माजतें, व त्यांत आपल्या माळावरील कुसळीही असते.

पिरूल राळेमुळें झटकन पेटतो. जुन्या चिडास जाड सालीचें चिलखत असतें. बांजाचीं रोपें मात्र होरपळून मरतात, आणि मोकळ्या जागेंत चीड शिरतो. चीड लाकूड व राळ देतो, हें खरें. परंतु गुरांस पाला व शेतास खत देणारा बांज मागें हटला म्हणजे नुकसान शेतकऱ्याचेंच. १९२१ सालीं जंगलाच्या निर्बंधांवर संतापून कुमाऊंतील लोकांनीं चीडवनें पेटविलीं. पुढें १९३१ च्या नियमांन्वयें गांवोगांवीं वनपंचायती होऊं लागल्या. त्या उत्तराखंडांत आजही आहेत.

आतां आपल्या माळाकडे वळूं. कुसळीचें बीं पीळदार शेपटीच्या योगानें मातींत शिरतें, म्हणून वरची आग त्यास सहसा बाधत नाहीं. आम्हीही तरुणपणीं नव्या गवताच्या आशेनें पडीक माळास चैत्रांत काडी लावीत असूं. पहिल्या पावसानें माळ हिरवागार दिसे. परंतु कांहीं वर्षांनीं तेथें बहुतेक कुसळीच उरली, आणि मेंढ्यांच्या तोंडांस जखमा होऊं लागल्या. कागदोपत्रीं जमीन तितकीच राहिली. चारा मात्र गेला.

तरी कृषिबंधूंनीं काडी ओढण्यापूर्वीं माळ एकवार हिंडून पाहावा. तेथें आज काय उगवतें, यावरून मागें काय घडलें व पुढें काय मिळेल, हें बरेंचसें कळतें.