गोदामात फोन कसा ऐकू येईल?

टेलिफोनच्या थिअरीत रिंगिंग करंटवर जेमतेम दोन ओळी असतात आणि व्हायव्हाला त्याबद्दल कोणी विचारत नाही. या सुट्टीत मात्र त्या दोन ओळींवर माझे पंधरा दिवस गेले. माझ्या मामाचं भिवंडीला गोदाम आहे. ऑफिस पुढे, माल मागे. बिल्टीवर नंबर ऑफिसचा. ड्रायव्हर गेटवरून फोन लावतो, क्लार्क मागे बॉक्स मोजत असतो, फोन वाजून वाजून बंद पडतो. गाडी उभी, हॉल्टिंग चालू! मागे अनाउन्समेंटसाठी ॲम्प्लिफायर आणि आठ भोंगे आधीपासून होते. मामा म्हणाला, "फोन त्याच्यावरच वाजव की, इंजिनिअर ना तू?"

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच: फोनची वायर ॲम्प्लिफायरला जोडायची. हे अजिबात करू नका. फोन ठेवलेला असताना लाईनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतं आणि रिंग येते तेव्हा त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास २५ हर्ट्झचं एसी चढतं. ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला एक व्होल्टसुद्धा पुरतो. शिवाय लाईनमधून डीसी वाहायला लागलं की एक्स्चेंज समजतं रिसीव्हर उचलला, आणि फोन कायमचा एंगेज.

म्हणून फोनचा आवाज घ्यायचाच नाही, "रिंग आली" एवढी बातमी फक्त घ्यायची. लाईनला ०.४७ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा कपॅसिटर, पुढे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि मग ऑप्टोकपलर. कपॅसिटर डीसी अडवतो. २५ हर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स साधारण १३.५ किलोओहम (फॉर्म्युला आठवतोय ना?), म्हणजे करंट चार-साडेचार मिलीॲम्पिअर. ऑप्टोच्या एलईडीला तेवढा बास. एलईडीला उलटा एक डायोड लावायचा, नाहीतर एसीची उलटी सायकल त्याला मारते. पलीकडे फक्त उजेड जातो, वायर जात नाही, त्यामुळे दोन्ही सर्किट वेगळी राहतात. तिथून रिले आणि रिलेवरून टोनचं छोटं बोर्ड चालतं.

रिले २५ हर्ट्झला थरथरू नये म्हणून आउटपुटला थोडं स्मूदिंग लागतं. पण थोडंच! आपल्याकडची रिंग ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, परत ०.४ वाजते आणि मग दोन सेकंद गप्प. मोठा कपॅसिटर लावला तर मधल्या जागा भरून जातात आणि सलग भोंगा होतो. त्या दोन सेकंदांची गोदामात खरी गरज आहे. ट्रक रिव्हर्स येत असताना "थांब थांब" ही हाक त्यातच ऐकू येते. म्हणून मी टोनसुद्धा "टिंग-टाँग" ठेवला, फोर्कलिफ्टच्या बीप-बीपशी गल्लत नको. आणि तो ऑक्सला दिला, कारण या ॲम्प्लिफायरमध्ये माइकला प्रायॉरिटी आहे. कोणी माइकवर बोललं की टोन दबतो. आग लागली असताना फोनची रिंग वर आणि सूचना खाली असं होता कामा नये. विकत घेताना ही सोय बघूनच घ्या.

बोर्ड सरळ बाहेरच्या लाईनवर नाही, ईपीएबीएक्सच्या एका रिकाम्या ॲनालॉग एक्स्टेन्शनवर बसवलं. ग्रुप रिंगिंगमध्ये ऑफिसचा फोन, हे एक्स्टेन्शन आणि मागच्या खांबावरचा एक साधा फोन, तिन्ही एकदम वाजतात. क्लार्क खांबावरचा उचलतो, पळापळ नाही. डिजिटल की-फोनच्या पोर्टवर ही रिंग मिळत नाही. आयपी फोन असतील तर ॲनालॉग ॲडॉप्टर लागतो.

भोंगे १०० व्होल्ट लाईनवर आहेत, प्रत्येकी १० वॉट. हेच ८० वॉट ८ ओहमवर लांब नेले असते तर करंट जवळपास चौपट आणि वायरमधला लॉस सोळापट झाला असता. (मशीन्सच्या सरांना हे वाक्य आवडेल!)

शेवटी एक स्विच लावला, रात्री आठनंतर ऑफ करायला. मागच्या चाळीतल्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्याकडे शाळा सुरू झाली का?"