न आलेल्या गेमचा इतिहास

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीत घरी आली की मित्रमैत्रिणींशी फोनवर तासन् तास ‘द एल्डर स्क्रोल्स’ या गेमच्या सहाव्या भागावर वाद घालत बसते. कुठल्या राज्यानं कुठला तह नाकारला, कोणतं पुस्तक खोटं, कोणता मनोरा पडणार, सगळं अगदी तावातावानं. विचारलं तर म्हणते, गेम अजून आलेलाच नाही! मग हे वाद कशाच्या आधारावर चालतात? आणि यातले अंदाज कधी खरे ठरतात का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची मुलगी जे करते आहे ते तुमच्या विषयाच्या फार जवळचं आहे. तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण या मुलांच्या वाचनाकडे घरातलं मोठं माणूस इतक्या कुतूहलानं क्वचितच बघतं.

आधी हातात काय आहे ते पाहू. सहावा भाग जाहीर झाला जून २०१८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनाच्या वेळी. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीनं जेमतेम अर्ध्या मिनिटाची झलक दाखवली. कॅमेरा उंचावरून सरकत जातो, खाली खडकाळ डोंगर, विरळ होत जाणारं धुकं, पलीकडे समुद्राची किनार, आणि मग गेमचं नाव. पात्र नाही, संवाद नाही, तारीख नाही. आधीचा पाचवा भाग, ‘स्कायरिम’, ११ नोव्हेंबर २०११ ला आला होता. मधली बरीच वर्षं कंपनी ‘स्टारफील्ड’ या दुसऱ्याच गेममध्ये गुंतली होती, तो सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आला. मार्च २०२४ मध्ये मालिकेला तीस वर्षं झाली तेव्हा कंपनीनं एवढंच सांगितलं की सहाव्या भागाची कच्ची आवृत्ती आम्ही आता खेळून बघतो आहोत.

एवढ्याशा भांडवलावर वाद उभा राहतो तो जुन्या गेममधल्या पुस्तकांमुळे. या मालिकेत टॅम्रिएल नावाचा एक खंड आहे, आणि तिथल्या घराघरात, देवळात, गुहेत पुस्तकं पडलेली असतात. ती उचलून वाचता येतात. त्यात राजांची चरित्रं आहेत, प्रवासवर्णनं आहेत, धर्मग्रंथ आहेत, दरबारातल्या कुटाळक्याही आहेत. गेम खेळणारे या सगळ्या पसाऱ्याला ‘लोर’ म्हणतात. खरी गंमत अशी, की प्रत्येक पुस्तकाला त्या जगातलाच एक लेखक आहे, आणि त्या लेखकाला स्वतःचा पक्ष आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘मॉरोविंड’ हा तिसरा भाग २००२ मधला. त्याच्या मुळाशी रेड माउंटनची लढाई आहे. या लढाईत ड्वेमर नावाची अख्खी जमात एका क्षणात नाहीशी झाली आणि नेरेवार हा सेनापती मेला. तो कसा मेला? तिथलं देऊळ सांगतं, लढाईतल्या जखमांनी. राखेच्या मुलखात भटकणाऱ्या टोळ्यांची परंपरा सांगते, त्याच्या तीन जवळच्या माणसांनीच त्याचा खून केला आणि पुढे तेच तिघे त्या देवळातले देव बनून बसले. देवळाचा अधिकृत इतिहास कोणाच्या सोयीचा, हे तुमच्या नववीच्या विद्यार्थ्यालाही सुचेल. गेम निकाल देत नाही. सगळे कागद समोर ठेवतो आणि बाजूला होतो.

आता तुमची मुलगी ज्या तहाबद्दल बोलते त्याकडे येतो. ‘स्कायरिम’च्या कथेआधी एक महायुद्ध होऊन गेलं आहे. एल्फ लोकांच्या राजवटीनं, म्हणजे तिच्या थॅल्मोर या सत्ताधारी पक्षानं, साम्राज्याला टेकीला आणलं आणि अपमानास्पद अटींवर तह लिहून घेतला. हॅमरफेल या वाळवंटी प्रांताला स्वतःचा दक्षिण मुलूख सोडून द्यायचा होता. तिथले रेडगार्ड लोक ऐकेनात, तेव्हा साम्राज्यानं हॅमरफेलशी संबंधच तोडले. हॅमरफेल एकट्यानं लढत राहिलं आणि शेवटी थॅल्मोरला माघार घ्यायला लावली. एवढी मोठी गोष्ट गेममध्ये दाखवलेली नाही. ती पुस्तकांतून आणि लोकांच्या बोलण्यातूनच कळते.

याच गोष्टीचा एक धागा ‘स्कायरिम’मधल्या व्हाइटरन गावच्या खाणावळीत सापडतो. साडिया नावाची रेडगार्ड बाई तिथे चाकरी करते. तिचे देशबांधव तलवारी घेऊन तिला शोधत आलेत. ती सांगते, मी थॅल्मोरविरुद्ध बोलले म्हणून हे मारेकरी माझ्या मागे लागले. त्यांचा म्होरक्या केमाटू सांगतो, हिनंच टॅनेथ शहर शत्रूच्या हवाली केलं, आम्ही तिला न्यायासमोर न्यायला आलोय. दोघांचंही बोलणं पटण्यासारखं आहे, आणि दोघांच्याही बोलण्यात भोकं आहेत. तुम्ही कोणाची बाजू घ्याल ते घ्या, खरं काय ते गेम शेवटपर्यंत सांगत नाही. पंधरा मिनिटांत संपणाऱ्या या छोट्या प्रसंगावर लोक एका तपाहून जास्त काळ भांडत आहेत. मला तो या मालिकेतल्या लेखनाचा सर्वांत सुंदर तुकडा वाटतो.

म्हणूनच बहुतेक चाहते सहावा भाग हॅमरफेलमध्ये घडणार असं धरून चालतात. झलकेतले कोरडे डोंगर आणि किनारा तिथल्या भूगोलाशी जुळतात. २०२० च्या अखेरच्या दिवशी कंपनीनं नववर्षाच्या शुभेच्छांसोबत एका नकाशाचं छायाचित्र टाकलं होतं, त्यावर मेणबत्त्या ठेवलेल्या होत्या. कोणती मेणबत्ती कुठे आहे यावर चाहत्यांनी पानंच्या पानं लिहिली. मला विचाराल तर डोंगर आणि मेणबत्त्या यांपेक्षा साडियाचा प्रसंग आणि तो तह हाच वजनदार पुरावा आहे, कारण त्यात अर्धवट सोडलेली गोष्ट आहे.

पण पुराव्याचा मोह कसा फसवतो तेही ऐका. सप्टेंबर २०१८ मध्ये, झलक येऊन तीन महिने होतात न होतात तोच, बेथेस्डाच्या मालक कंपनीनं ‘रेडफॉल’ या नावाची नोंदणी केली. रेडगार्डमधला ‘रेड’, हॅमरफेलशी जुळणारा ‘फॉल’, वेळही अचूक. सगळं इतकं चपखल बसत होतं की कित्येकांनी सहाव्या भागाचं नाव ‘रेडफॉल’ असंच ठरवून टाकलं. जून २०२१ मध्ये उलगडा झाला. ‘रेडफॉल’ म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्टुडिओचा, रक्तपिपासू व्हॅम्पायरांवर गोळ्या झाडायचा गेम. टॅम्रिएलशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका आहात, म्हणून मुख्य फरक तुम्हाला सांगायलाच हवा. दोन बखरी एकमेकींना छेद देतात तेव्हा तुम्हाला ठाऊक असतं की दोन्हींच्या मागे काहीतरी एक प्रत्यक्ष घडलेलं आहे. कागद मिळाला तर ते कळेल, नाही मिळाला तरी ते घडलेलं आहेच. टॅम्रिएलमध्ये तसं नाही. नेरेवारला कोणी मारलं याचं उत्तर कुठल्या कपाटात दडवून ठेवलेलं नाही. पुढच्या गेमला ज्या उत्तराची गरज पडेल ते तेव्हा लिहिलं जाईल, किंवा कधीच लिहिलं जाणार नाही.

ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे. १९९४ चा पहिला भाग ‘अरीना’ मुळात आखाड्यातल्या झुंजींचा गेम म्हणून सुरू झाला होता. बनवता बनवता झुंजी मागे पडल्या आणि गावं, तळघरं, मोहिमा पुढे आल्या. पण नाव छापून झालं होतं. मग खुलासा लिहिला गेला की हा खंड इतका रक्तरंजित आहे की लोक त्यालाच ‘आखाडा’ म्हणतात. ‘एल्डर स्क्रोल्स’ हे नाव विजय लक्ष्मण या डिझायनरनं सुचवलं, आणि या ‘प्राचीन गुंडाळ्या’ म्हणजे नेमकं काय ते मागाहून ठरलं. आज त्याच गुंडाळ्या भूत-भविष्य सांगणारी पवित्र वस्तू आहेत आणि त्यांवर शेकडो लेख आहेत.

१९९६ च्या ‘डॅगरफॉल’ची गोष्ट तर याहून धाडसी. तिथे शेवटी एका अवाढव्य पितळी यंत्रपुरुषाची, न्यूमिडियमची, किल्ली खेळणाऱ्याच्या हाती येते. ती कोणाला द्यायची, या राजाला, त्या राणीला, सम्राटाला की मृतांच्या जादूगाराला, यावर शेवट बदलतो. पुढचा भाग लिहिताना प्रश्न पडला, यातला खरा शेवट कोणता? लेखकांनी ठरवलं, सगळेच! त्या काही दिवसांत काळच दुभंगला आणि एकमेकांना खोडणाऱ्या सगळ्या घटना एकाच वेळी घडल्या. त्या जगातला एक इतिहासकार यावर पुस्तक लिहितो आणि गोंधळलेल्या साक्षीदारांच्या जबान्या नोंदवतो. अडचणीतून वाट काढताना लेखकांनी मालिकेला तिची सर्वांत गाजलेली कल्पना देऊन टाकली.

आणि काही वेळा सरळ पलटीही मारली. साम्राज्याची राजधानी असलेला सिरोडिल प्रांत म्हणजे घनदाट, दमट जंगल, असं १९९८ च्या ‘रेडगार्ड’ या गेमसोबत आलेल्या पुस्तिकेत छापलं होतं. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आला, तो सिरोडिलमध्येच घडतो, आणि तिथे निघाली सौम्य हवेतली हिरवी कुरणं. आठ वर्षं जंगलाची वाट बघणाऱ्यांचा केवढा हिरमोड झाला असेल! त्यावर एक खुलासा असा आला की सम्राट टायबर सेप्टिम देवपदाला पोचल्यावर त्यानं जंगलाचं रूपच पालटलं. पुढे ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मधलं एक विद्वान पात्र म्हणतं की जंगलाचा उल्लेख हीच मुळात नक्कल करणाऱ्याची चूक होती. दोन्ही खुलासे आजही उभे आहेत आणि दोन्हींचे कैवारी आहेत.

मुलगी ज्या पडणाऱ्या मनोऱ्याबद्दल बोलते, तो सिद्धांतही या उजेडात पाहा. सृष्टी काही मनोऱ्यांनी तोलून धरली आहे, त्यातले बरेच निकामी झालेत, आणि थॅल्मोरला उरलेलेही निकामी करून जग विरघळवायचं आहे, म्हणजे त्यांना पुन्हा देवरूप होता येईल, असा हा तर्क. सर्वांत जुना अ‍ॅडमँटाइन मनोरा हॅमरफेल आणि हाय रॉक या प्रांतांच्या मधल्या आखातातल्या बेटावर उभा आहे, म्हणून तो सहाव्या भागाशी जोडला जातो. कल्पना विलक्षण देखणी आहे. पण तिचा बराचसा आधार मायकल कर्कब्राइड या लेखकानं गेमच्या बाहेर लिहिलेल्या मजकुरात आहे. ‘मॉरोविंड’चा आत्मा घडवणारा तो माणूस. त्याचं लेखन चाहते प्रमाण मानतात, कंपनीवर मात्र ते बंधनकारक नाही. ‘स्कायरिम’मध्ये आल्डुइनची भिंत म्हणून एक कोरीव शिल्पपट आहे. त्यावरच्या भविष्यवाणीत पितळी, लाल, पांढरा आणि हिमाचा असे मनोरे ओळीनं येतात, ही गोष्ट सिद्धांताच्या बाजूची. पण नीट पाहिलं तर ती भविष्यवाणी म्हणजे पहिल्या पाचही भागांचं कथानक क्रमानं मांडलेलं आहे. गेम आधी झाले, भाकीत नंतर कोरलं गेलं.

तेव्हा माझा कौल असा. ठिकाण हॅमरफेल, याला मी भरपूर वजन देईन. थॅल्मोरशी पुन्हा गाठ पडेल, यालाही. मनोरे एखाद्या पुस्तकात किंवा वेड्या पुजाऱ्याच्या तोंडी येतील, मुख्य कथेत येतील असं वाटत नाही. साडिया खरी की खोटी, हे कोणी सांगणार नाही. सांगू नये असंही मला फार वाटतं.

प्रश्न : चाहते एवढं लिहितात, तर गेम बनवणारे ते वाचतात का? एखाद्याचा सिद्धांत उचललाही जात असेल ना?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : वाचतात, याची खूण गेममध्येच आहे. ‘मॉरोविंड’पासून माइक नावाचा मांजरमुखी भटक्या दर भागात कुठेतरी भेटतो. त्याचं आडनावच ‘खोटारडा’. तो जे बरळतो ते चाहत्यांच्या मागण्यांना आणि तक्रारींना दिलेलं उत्तर असतं. तिसऱ्या भागात लोक विचारत होते, ड्रॅगन कुठे आहेत? माइक म्हणतो, आहेत की सगळीकडे, फक्त फार उंच उडावं लागतं दिसायला. पाचव्या भागात ड्रॅगन खरोखरच आले.

सिद्धांत जसाच्या तसा उचलल्याचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चाहत्याला आपलं नाव या जगात कोरावंसं किती वाटतं, ते मात्र २०२५ मध्ये दिसलं. आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या ‘मेक-अ-विश’ संस्थेसाठी बेथेस्डानं लिलाव ठेवला, बक्षीस म्हणजे सहाव्या भागातलं एक पात्र आपल्या मनाप्रमाणे घडवून घ्यायचं. बोली ८५ हजार डॉलरच्या वर गेली.

प्रश्न : मला या गोष्टी वाचायच्या आहेत पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. सिद्धांतांचे व्हिडिओ बघितले की डोकं गरगरतं.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : व्हिडिओ सध्या बाजूला ठेवा. ‘स्कायरिम’ सुरू करा, व्हाइटरनच्या खाणावळीत साडियाशी बोला आणि लगेच केमाटूला मारू नका, त्याचंही पूर्ण ऐकून घ्या. गेम घ्यायचा नसेल तर चाहत्यांचा ‘यूईएसपी’ हा कोश १९९५ पासून चालू आहे, गेममधली पुस्तकं तिथे पूर्ण वाचायला मिळतात. रेड माउंटनच्या लढाईचे परस्परविरोधी वृत्तांत शोधा, शेजारी-शेजारी ठेवून वाचा आणि प्रत्येकाच्या लेखकाचं नाव वहीत टिपून ठेवा. ‘व्हिवेकचे छत्तीस पाठ’ मात्र सगळ्यात शेवटी. ते अवघड आहेत, आणि सांगणारा व्हिवेक स्वतः नेरेवारच्या खुनातला एक संशयित आहे.