सर्व्हर नेमका कशात अडकतो?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या अकरा शाखा एकाच सर्व्हरवर चालतात. डेटाबेस पोस्टग्रेसचा, रॅम ८ जीबी. पाच वर्षांपूर्वी बटण दाबले की खातेउतारा समोर यायचा. आता सकाळी अकराच्या सुमारास पंधरा-वीस सेकंद लागतात आणि काउंटरपुढे माणसे खोळंबतात. संध्याकाळी पिग्मी एजंटांची मशीन जोडली की सगळेच रेंगाळते. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, रॅम दुप्पट करा, नाहीतर नवा सर्व्हर घ्या. पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निम्मासुद्धा वापरात दिसत नाही. मग सर्व्हर एवढा वेळ करतो तरी काय?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: प्रोसेसरकडे तुमचे लक्ष गेले हे फार चांगले झाले, कारण उत्तराची सुरुवात तिथेच आहे. प्रोसेसर मोकळा आणि काम मात्र अडलेले, अशी स्थिती असते तेव्हा बहुतेक विनंत्या कशाची तरी वाट पाहत थांबलेल्या असतात. डिस्कवरून माहिती यायची असते, दुसऱ्या कुणी धरलेले लॉक सुटायचे असते, किंवा लिहिलेली नोंद डिस्कवर पक्की व्हायची असते. रॅम वाढवली तर यातली पहिली वाट काही काळ कमी होते. बाकी दोन्हींना रॅमने फारसा फरक पडत नाही. तुमच्या वर्णनावरून सकाळचे आणि संध्याकाळचे दुखणे मला वेगवेगळे वाटते, म्हणून त्यांचा विचारही वेगळा करू.

आधी सकाळचे. पोस्टग्रेस डिस्कवरून एकेक ओळ सुटी उचलत नाही, ८ केबीच्या पानांनी उचलते. समजा तुमच्या व्यवहारांच्या टेबलात दोन कोटी ओळी आहेत आणि एका पानात साधारण चाळीस ओळी मावतात. म्हणजे पाच लाख पाने, जवळजवळ ४ जीबी. खातेउताऱ्याच्या क्वेरीला योग्य इंडेक्स नसेल, तर एका पिग्मी खात्याच्या तीन महिन्यांच्या पंच्याहत्तर ओळींसाठी सर्व्हर ही पाचही लाख पाने चाळतो. पाच वर्षांपूर्वी टेबल लहान होते, सगळी पाने रॅममध्ये मावत होती, म्हणून ही उधळपट्टी कुणाला जाणवली नाही. टेबल वाढत गेले, ऑपरेटिंग सिस्टीम आणि बाकीची टेबले यांनी आपला वाटा घेतल्यावर ८ जीबीत उरलेल्या जागेत ते एक दिवस मावेनासे झाले आणि चाळणे डिस्कवर आले. त्यात अकरा वाजता अकरा शाखांतून हीच क्वेरी एकदम येते. रॅम दुप्पट केलीत तर टेबल पुन्हा रॅममध्ये मावेल आणि तुम्हाला बरे वाटेल, पण पाच लाख पाने चाळणे सुरूच राहील. टेबल आणखी वाढले की पुन्हा हाच प्रसंग येईल.

हे खरोखर असेच घडते आहे का, ते सर्व्हरलाच विचारता येते. क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ लावून ती चालवा. उत्तरात ‘सीक स्कॅन’ (म्हणजे सीक्वेन्शियल स्कॅन) असे दिसले आणि त्याखाली ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’पुढे कोटीच्या घरातला आकडा असला, तर निदान झाले. एवढ्या ओळी वाचून सर्व्हरने फेकून दिल्या, असा त्या आकड्याचा अर्थ. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी इतर कशाच्याही आधी हा आकडा बघायला सांगतो.

उपाय म्हणजे खातेक्रमांक आणि व्यवहाराची तारीख या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स. त्यामागची बी-ट्री ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगमध्ये काम करताना मांडली. त्यांचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची खरी ताकद ओळी वाढल्यावर दिसते. इंडेक्सच्या एकेका पानात शेकडो नोंदी मावतात, त्यामुळे दोन कोटी ओळींतूनही तीन-चार पानांत हव्या त्या जागी पोहोचता येते. पुढे त्या पंच्याहत्तर ओळी पंच्याहत्तर वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या असल्या, तरी एकूण वाचन ऐंशी पानांच्या आसपासच राहते. कुठे पाच लाख आणि कुठे ऐंशी! कुठल्याही नव्या सर्व्हरला हा फरक भरून काढता येणार नाही.

रकान्यांचा क्रम मात्र सांभाळा. दूरध्वनीच्या यादीत आडनाव आधी आणि नाव नंतर असते, त्यामुळे नुसत्या नावावरून माणूस शोधायचा तर सगळी यादी चाळावी लागते. तुमच्याकडे तारीख आधी आणि खाते नंतर असा इंडेक्स केला, तर तीन महिन्यांतल्या सगळ्या खातेदारांच्या नोंदी तुडवत जावे लागेल. खाते आधीच हवे.

आणखी एक गोष्ट मला वारंवार आढळते. इंडेक्स असतो, पण क्वेरी तो वापरू देत नाही. व्यवहाराची वेळ एका रकान्यात असते आणि क्वेरी म्हणते, या वेळेतून तारीख काढ आणि ती आजच्या तारखेशी ताडून बघ. साधा इंडेक्स वेळेवर बांधलेला असतो, काढलेल्या तारखेवर नव्हे, म्हणून तो बाजूला पडतो. तीच अट ‘आजच्या ००:०० पासून उद्याच्या ००:०० च्या आधीपर्यंत’ अशी लिहिली की इंडेक्स लगेच कामाला लागतो. मायएसक्यूएलमध्ये याच जातीचा दुसरा घोळ होतो. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला असतो आणि क्वेरीत तो अवतरणचिन्हांशिवाय, संख्या म्हणून येतो. तिथेही इंडेक्स वाया जातो.

चालू सर्व्हरवर इंडेक्स करताना ‘कॉन्करंटली’ हा शब्द विसरू नका. साधी आज्ञा दिलीत तर इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात एकही नवी नोंद घालता येणार नाही. आणि दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स करत सुटू नका. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सगळे इंडेक्स लिहावे लागतात. तुमच्याकडे दिवसभर नोंदी चालतात, तेव्हा कधीच न वापरलेले इंडेक्स हुडकून काढून टाकणे हीसुद्धा सुधारणाच आहे. कुठला इंडेक्स किती वेळा वापरला गेला, याची मोजणी पोस्टग्रेस स्वतःच ठेवते.

खातेउतारा हे उदाहरण झाले. खरा दोषी दुसराच असू शकतो, म्हणून कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि तिला किती वेळ लागला याची यादी ठेवणारे ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन सुरू करून घ्या. त्यासाठी एकदा सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. मग आठवडाभर थांबा आणि यादी एकूण वेळेनुसार लावा. तक्रार नेहमी सहा सेकंदांच्या अहवालाची होते, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण तो दिवसातून वीस वेळा चालला तर त्याची होतात दोन मिनिटे. ५० मिलिसेकंदांची एखादी निमूट क्वेरी दिवसात दोन लाख वेळा चालली, तर ती पावणेतीन तास खाते! खातेदारांच्या यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी शिल्लक वेगळी विचारणारे प्रोग्रॅम अशाच क्वेऱ्या जन्माला घालतात. तिथे डेटाबेसला हात न लावता प्रोग्रॅम सुधारावा लागतो, आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडे तसा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पैसे तुम्ही मोजता.

आता संध्याकाळ. एका मशीनमध्ये तीनशे पावत्या असतील आणि प्रोग्रॅम प्रत्येक पावती स्वतंत्र कमिट करत असेल, तर पोस्टग्रेसला तीनशे वेळा डिस्ककडून ‘नोंद पक्की झाली’ हा निरोप मिळवावा लागतो. जुनी ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणून एकामागून एक अशी कमिट सेकंदाला शंभरेकच होतात. एसएसडीवर ती बरीच जास्त होतात, पण फुकट तिथेही नसतात. एका मशीनच्या सगळ्या पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेतल्या, तर तीनशेऐवजी एकच कमिट लागते. हिशेबालाही ते सोयीचे आहे: मशीन जमा झाले तर पूर्ण जमा झाले, नाहीतर काहीच झाले नाही आणि पुन्हा पाठवता येते. मध्येच वीज गेली म्हणून एकशे सत्तेचाळिसाव्या पावतीपासून जुळवत बसावे लागत नाही.

याच वेळी लॉक तपासा. पतसंस्थांच्या प्रोग्रॅममध्ये शाखेची रोख शिल्लक एकाच ओळीत ठेवलेली असते आणि प्रत्येक भरणा, प्रत्येक पावती तीच ओळ बदलते. एका वेळी एकालाच ती बदलता येते. कॅशियरने फॉर्म उघडून ती ओळ धरली आणि खातेदाराची सही मिळेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडे राहिले, तर त्या शाखेतले सगळे काम त्या सहीपाशी अडते. प्रोसेसर मोकळा दिसण्याचे हे अगदी ठळक कारण आहे. चालू जोडण्यांच्या यादीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असे लिहिलेली ओळ सापडली की हेच समजा. उघड्या ट्रान्झॅक्शनचे दुसरे नुकसानही होते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की तिची नवी आवृत्ती लिहिली जाते आणि जुनी पडून राहते. जुन्या आवृत्त्या व्हॅक्यूम साफ करतो, पण एखादे ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडे असेल तर त्यानंतर जमलेला कचरा त्याला काढता येत नाही, आणि टेबल विनाकारण फुगत जाते. अशा जोडण्या ठरावीक वेळेनंतर तोडणारी सेटिंग ९.६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. ती वापराच. ट्रान्झॅक्शन मात्र सही झाल्यावरच सुरू व्हायला हवे, आणि ते प्रोग्रॅमचे काम आहे.

सेटिंग शेवटी, कारण त्यांचा वाटा लहान आहे. ‘शेअर्ड बफर्स’, म्हणजे वाचलेली पाने रॅममध्ये धरून ठेवण्याची पोस्टग्रेसची जागा, मूळची १२८ एमबी असते. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर रॅमच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करावी, म्हणजे तुमच्याकडे २ जीबी. ‘वर्क मेम’ मूळचे ४ एमबी. ते सढळ हाताने वाढवण्याचा मोह होतो, पण ही मर्यादा एकेका जोडणीतल्या एकेका सॉर्टला मिळते. ६४ एमबी केले आणि शंभर जोडण्यांनी दोन-दोन सॉर्ट मागितले, तर मागणी साडेबारा जीबीवर जाते आणि तुमचा सर्व्हर बसतो. जोडण्या खूप असतील तर मध्ये थोड्या जोडण्या अनेकांना वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवा.

प्रश्न: आमच्या एका परिचितांनी ‘एफसिंक’ बंद करायला सांगितले. वेग फार वाढतो म्हणे. करावे का?

उत्तर: नाही. वेग वाढतो हे खरे आहे, पण कशामुळे वाढतो ते बघा. नोंद डिस्कवर पक्की झाली की नाही याची खात्री करणेच पोस्टग्रेस सोडून देते. सर्व्हर अचानक बंद पडला तर शेवटचे काही व्यवहार तर जाऊ शकतातच, शिवाय पूर्ण डेटाबेस दुरुस्त न होण्याइतका बिघडू शकतो. यूपीएस वीज सांभाळतो. ऑपरेटिंग सिस्टीम कोसळली किंवा पॉवर सप्लाय जळाला तर तो काही करू शकत नाही. ‘सिंक्रोनस कमिट’ बंद करणे त्यापेक्षा सौम्य आहे, त्यात डेटाबेस बिघडत नाही. पण शेवटच्या क्षणाच्या पावत्या हरवू शकतात आणि खातेदाराच्या हातात छापील पावती तर असते. पिग्मी भरणारा भाजीवाला रोजचे पन्नास रुपये त्या कागदाच्या भरवशावर देतो. पावत्या एकत्र कमिट केल्याने जवळजवळ तेवढाच वेग मिळतो, आणि एकही पावती हरवत नाही.