‘कहीं-कहीं’ म्हणजे नेमके किती?

ढग म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते आणि पसरताना थंड होते. मग वाफ धुळीच्या कणांवर जमून पाण्याचे बारीक थेंब होतात. असे असंख्य थेंब म्हणजे ढग. ते एकमेकांत मिसळून जड झाले, की पाऊस.

जूनच्या सुरुवातीला दुपारी असा एखादाच ढग उंच वाढतो. म्हणूनच राजवाड्यावर धो-धो पाणी आणि विजयनगरला ऊन, हे आपण इंदूरकर नेहमी बघतो. हवामान खात्याच्या हिंदी पत्रकातले ‘कहीं-कहीं’ मोघम वाटते, पण त्याचा अर्थ ठरलेला आहे: त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘कुछ स्थानों पर’ म्हणजे २६ ते ५० टक्के. तेव्हा आपले अंगण कोरडे राहिले म्हणून अंदाज चुकला असे होत नाही!

पालकांना एक विनंती. गडगडाट ऐकू येतो, म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी शाळा सुटली तरी शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे मुले वर्गातच राहतील. कृपया फाटकाजवळच्या झाडाखाली थांबू नये. इमारतीच्या आत यावे.